ठाण्यात बसून पॅसिफिकच्या बेटासाठी: कृषी दूरशिक्षणाच्या अनुदान अर्जाचा अनुभव

अमेरिकेच्या कृषी खात्याकडे अनुदानाचा अर्ज करायचा म्हणजे नेमकं काय करावं लागतं, हे मराठीत कुठे लिहिलेलं मला सापडलं नव्हतं. आता एक पूर्ण फेरी हातून झाली आहे, म्हणून क्रमाने लिहून ठेवते. कृषी पदवी घेऊन ठाणे-नवी मुंबईत स्थिरावलेले आणि घरून अभ्यासक्रम लिहिण्याचं काम करणारे बरेच जण मला माहीत आहेत. त्यांच्यापैकी कुणाकडे असं काम आलं, तर निदान सुरुवात कुठून करायची ते कळेल.

मी दापोलीची बी.एस्सी. ॲग्री. लग्नानंतर वर्तकनगरला आले आणि गेली काही वर्षं ऑनलाइन अभ्यासक्रमांची आखणी करते. कॉलेजात मला सीनियर असलेले एक दादा पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरच्या कॉलेजात शिकवतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "अगं, इथे बाहेरच्या छोट्या बेटांवरच्या मुलांना शेतीचं शिकायचंय, पण मुख्य बेटावर खोली घेऊन राहणं घरच्यांना झेपत नाही. जहाज कधी येईल याचा भरवसा नाही. दूरशिक्षणासाठी अनुदान आहे, पण अर्ज लिहायला आमच्याकडे माणूसच नाही. बघशील का?"

ते ज्या अनुदानाबद्दल बोलत होते त्याचं नाव लांबलचक आहे: डिस्टन्स एज्युकेशन ग्रँट्स फॉर इन्स्टिट्यूशन्स ऑफ हायर एज्युकेशन इन इन्शुलर एरियाज. सगळे त्याला डीईजी म्हणतात. अमेरिकी कृषी खात्याची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फूड अँड ॲग्रिकल्चर, म्हणजे निफा, ते देते. २००२ च्या शेती कायद्यात त्याची तरतूद झाली. पोर्टो रिको, ग्वाम, अमेरिकन सामोआ, नॉर्दर्न मारियाना, यूएस व्हर्जिन आयलंड्स, मायक्रोनेशिया, मार्शल बेटं आणि पलाऊ इथल्या उच्चशिक्षण संस्थांसाठीच हा पैसा आहे. शेवटचे तीन तर स्वतंत्र देश आहेत, तरी करारामुळे पात्र ठरतात. वर्गात येऊन शिकणाऱ्यांसाठी रेसिडेंट इन्स्ट्रक्शन नावाची जोडयोजना वेगळी आहे. दोन्हींची कागदपत्रं दिसायला सारखी असतात, त्यामुळे आपण कोणत्या योजनेचा मसुदा वाचतोय ते आधी पाहून घ्या.

हो म्हणण्याआधी मी दादांना दोन गोष्टी विचारल्या. पहिली मोबदल्याची. अर्ज लिहिण्याचा खर्च त्या अनुदानातून देता येत नाही, कॉलेजला तो स्वतःच्या निधीतून द्यावा लागतो. अनुदान मिळालं तर अमुक टक्के, असा करार तर मुळीच करू नये. या क्षेत्रात तो अनैतिक मानतात आणि पुढे हिशेबतपासणीत कॉलेजच्या गळ्याशी येतो. आम्ही १,२०० डॉलर ठरवले, तीन हप्त्यांत, निकाल काहीही लागो.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटत होता. अमेरिकी सरकारी पैशाच्या खरेदी नियमांत असं आहे की ज्याने कामाचं स्वरूप किंवा निविदेच्या अटी लिहिल्या, त्याला पुढे त्याच कामाच्या स्पर्धेत उतरता येत नाही. म्हणजे अर्जात "असे असे धडे तयार करून घेऊ" असं मीच लिहायचं आणि मंजुरीनंतर ते काम मीच घ्यायचं, हे चालण्यासारखं नव्हतं. धडे तयार करण्याचं काम पैशाच्या दृष्टीने मोठं असतं. मी अर्जाची बाजू निवडली आणि तसं लेखी कळवलं. हे सुरुवातीलाच स्पष्ट झाल्यामुळे पुढे कॉलेजच्या लेखा विभागातल्या बाई माझ्याशी फार मोकळेपणाने बोलू लागल्या.

गणपती संपले आणि नोंदणीचं काम सुरू झालं. माझं ठाम मत झालंय की या प्रक्रियेत लिहिण्यापेक्षा नोंदणीच जास्त वेळ खाते. संस्थेकडे यूईआय, म्हणजे १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक लागतो. ४ एप्रिल २०२२ पासून जुन्या ९ अंकी डन्स क्रमांकाच्या जागी तो आला. इंटरनेटवरची जुनी मार्गदर्शनं अजून डन्सच मागतात, ती बाजूला ठेवा. हा क्रमांक सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर मिळतो आणि तिथली नोंदणी दर ३६५ दिवसांनी नव्याने करावी लागते. कॉलेजची नोंदणी संपत आली होती, म्हणून आम्ही तिथूनच सुरुवात केली.

अडचण पत्त्याची निघाली. त्या बेटांवर घरपोच टपाल जवळपास नाहीच, सगळा व्यवहार पोस्टाच्या पेटी क्रमांकावर चालतो. सॅमला मात्र प्रत्यक्ष जागेचा पत्ता हवा असतो, पोस्टपेटी चालत नाही. शिवाय संस्थेचं कायदेशीर नाव आणि पत्ता दाखवणारा असा कागद हवा, ज्यात दोन्ही अक्षरशः तसेच असतील. एका कागदावर "कॉलेज"च्या आधी "द", दुसऱ्यावर नाही. इमारतीला नाव आहे, रस्त्याला नाही. लेखा विभागातल्या बाईंनी जुन्या फायली उपसून विजेच्या बिलापासून स्थापनेच्या सनदेपर्यंत सगळं पाठवलं. प्रत्येक खुलाशाला उत्तर यायला दिवसच्या दिवस जायचे. या काळात त्यांना पैसे मागणारे ईमेलही येत होते, "तुमची नोंदणी आम्ही करून देतो" म्हणणारे. ते खासगी दलाल असतात. सॅमची नोंदणी पूर्णपणे मोफत आहे, एक सेंटही कुणाला देऊ नका.

दिवाळीनंतर नोंदणी सक्रिय झाली. मग ग्रँट्स डॉट गव्ह, म्हणजे अर्ज जिथून सादर करायचा त्या सरकारी संकेतस्थळावरच्या भूमिका. तिथे अर्ज भरणारे अनेक असू शकतात, पण "साइन अँड सबमिट" फक्त अधिकृत प्रतिनिधीलाच करता येतं आणि त्या प्रतिनिधीला अधिकार देतो तो सॅममध्ये नोंदलेला ई-बिझनेस संपर्क अधिकारी. बेटावरच्या छोट्या संस्थेत ही दोन्ही पदं एकाच माणसाकडे असतात आणि तो माणूस रजेवर जातो. म्हणून आम्ही दुसऱ्या एका अधिकाऱ्यालाही प्रतिनिधी करून घेतलं. हे शांततेच्या काळातच उरकावं.

अर्जाचं आवाहन, ज्याला सगळे आरएफए म्हणतात, निघालं तेव्हा मी आधी त्यातला गुणांकनाचा भाग छापून घेतला आणि भिंतीवर लावला. परीक्षक ज्या क्रमाने गुण देणार, त्याच क्रमाने आपली कथा लिहायची. पान किती, अक्षर किती, समास किती हे सगळं त्यात दिलेलं असतं आणि ते न पाळलेला अर्ज न वाचताच परत जाऊ शकतो. त्यामुळे १२ पॉइंटचं अक्षर आणि १ इंच समास ठेवलेला कोरा नमुना मी पहिल्याच दिवशी तयार केला आणि सगळ्यांना त्यातच लिहायला लावलं.

गरज मांडण्याचा भाग लिहिताना मी सगळ्यात जास्त रमले. पहिला मसुदा कॉलेजातून आला तो कुठल्याही बेटाला लागू पडला असता: इंटरनेट कमी, साधनं कमी, तज्ज्ञ कमी. मी दादांना म्हटलं, "दादा, यात माती कुठे आहे?" मग ते तासभर बोलत राहिले आणि मी लिहून घेत गेले.

बाहेरची बेटं प्रवाळाची. जमीन म्हणजे प्रवाळाचा चुरा झालेली चुनखडीची वाळू. तिचा सामू (पीएच) चढा, त्यामुळे लोह, मँगनीज, जस्त असूनही पिकाला मिळत नाही. पावसाचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून तरंगतं. जास्त उपसा झाला किंवा दुष्काळ पडला की खालचं खारं पाणी वर येतं. लोक पिढ्यान्‌पिढ्या या थरापर्यंत खड्डे खणून, पालापाचोळा घालून दलदलीतला महाकाय अळू लावत आले आहेत. मोठ्या उधाणाला समुद्राचं पाणी त्या खड्ड्यांत शिरलं की अळू जातो आणि खड्डा पुन्हा लागवडीला यायला वर्षं जातात. नीरफणस, नारळ, केवड्याच्या जातीची झाडं ही बाकीची पिकं. नारळावर गेंड्या भुंग्याचं संकट आहे. ग्वाममध्ये तो २००७ साली सापडला आणि तिथला प्रकार या भुंग्यावर सोडल्या जाणाऱ्या नेहमीच्या विषाणूने आटोक्यात येत नाही.

हे ऐकताना मला पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्र आठवत होतं. आमच्या दापोलीच्या विद्यापीठाचंच ते केंद्र, खाऱ्या जमिनीत तग धरणारे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे भाताचे वाण तिथलेच. खाडीचा बांध फुटला की शेताचं काय होतं, हे ठाणे-रायगडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गेंड्या भुंगाही कोकणातल्या प्रत्येक नारळवाल्याच्या ओळखीचा. अर्जात कोकणाचा उल्लेख करायचं कारण नव्हतं, पण दादांना कोणते प्रश्न विचारायचे ते मला या ओळखीमुळे सुचत गेलं.

शिकवायचं कसं, याचं उत्तरही त्यातूनच आलं. कॉलेजच्या मनात थेट व्हिडिओ वर्ग होते. बाहेरच्या बेटांवर नेट इतकं क्षीण की वर्ग सुरू होण्याआधीच तुटेल. आपल्याकडे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून दूरशिक्षणाचा जो घाट घातलाय, तो मी जवळून पाहिला आहे. माझ्या मामांनी उद्यानविद्येची पदविका तिथूनच केली: घरी पुस्तक, गावाजवळ अभ्यासकेंद्र, प्रात्यक्षिक स्वतःच्या बागेत. मी तोच विचार मांडला. धडे फोनवर आधीच उतरवून ठेवायचे, नेट नसतानाही चालतील असे. प्रत्येक बेटावरच्या शाळेत एक स्थानिक साहाय्यक. प्रात्यक्षिक घरच्या अळूच्या खड्ड्यात आणि परसात. थेट संवाद आठवड्यातून एकदा, तोही आवाजापुरता. कायद्यात या अनुदानाचा हेतू डिजिटल जाळ्याच्या तंत्रज्ञानातून अन्न व कृषी शिक्षण देण्याची क्षमता वाढवणं असा आहे, त्यामुळे तंत्रज्ञान सोडून चालणार नव्हतं. पण ज्या बेटावर फोन सौरपट्टीवर चार्ज होतो, तिथे कोणतं तंत्रज्ञान टिकेल हे सांगणं हा मला अर्जाचा गाभा वाटला.

सोबत लॉजिक मॉडेल नावाचा तक्ता द्यावा लागतो: साधनं, कृती, तात्काळ फळ, दूरचा परिणाम. पुष्कळ जण तो शेवटी घाईत भरतात. आम्ही तो आधी केला आणि बाकीचं लिखाण त्यावरून केलं. जे तक्त्यात बसेना ते वगळलं.

संक्रांतीनंतर अंदाजपत्रक. सासूबाई हलव्याची वाटी टेबलावर ठेवून जायच्या आणि मी डॉलरच्या रकान्यांत बुडालेली असायचे. काही नियम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. या पैशातून इमारत बांधता किंवा दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे अभ्यासकेंद्राचं छप्पर अनुदानातून होणार नाही. आम्ही शाळांच्या तयार खोल्या वापरायचं ठरवलं आणि मुख्याध्यापकांची संमतीपत्रं घेतली. अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे कॉलेजची वीज, लेखा विभाग वगैरे, एकूण अनुदानाच्या ३० टक्क्यांपर्यंतच मागता येतो. १,००,००० डॉलर मागितले तर त्यात जास्तीत जास्त ३०,००० अप्रत्यक्ष. हेच थेट खर्चाच्या तुलनेत मोजलं तर ४२.८५७ टक्के होतात. दोन्ही आकडे वेगवेगळ्या जागी दिसतात आणि माणूस गोंधळतो, पण गोष्ट एकच आहे. ज्या संस्थेचा अप्रत्यक्ष खर्चाचा सरकारशी ठरलेला दर नाही तिला सरसकट दर घेता येतो. तो पूर्वी १० टक्के होता, ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्क्यांपर्यंत आहे. जोडरकमेची, म्हणजे संस्थेने स्वतःचाही वाटा घालण्याची, अट घालण्याची आणि ती माफ करण्याचीही तरतूद कायद्यात आहे, म्हणून त्या वर्षीचा आरएफए काय म्हणतो ते पाहूनच ठरवा.

प्रत्येक आकड्याचं समर्थन लिहावं लागतं. "प्रवास: अमुक डॉलर" चालत नाही. कोण, कुठून कुठे, कशासाठी, कोणत्या दराने. बाहेरच्या बेटावर जहाजाने गेलेला शिक्षक परतीच्या जहाजापर्यंत तिथेच अडकतो, त्याच्या राहण्याजेवणाचं काय, हा प्रश्न इथेच उभा राहिला. लेखा विभागातल्या बाईंनी स्थानिक साहाय्यकाचं मानधन वाढवायचं सुचवलं. त्यांचा भाऊ तशाच एका बेटावर शिक्षक होता आणि एका माणसावर किती कामं येऊन पडतात ते त्यांनी पाहिलं होतं. शिक्षकांच्या फेऱ्या कमी केल्या आणि ते पैसे साहाय्यकांकडे वळवले. माझ्या मते त्या अर्जातला सगळ्यात चांगला बदल हाच होता.

आता सादर करण्याच्या दिवसाबद्दल, कारण इथे घड्याळ समजून घ्यावं लागतं. अंतिम वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची संध्याकाळची ५ असते. दादांचं बेट आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे. हिवाळ्यात अमेरिकेतले ५ म्हणजे ठाण्यात पहाटेचे साडेतीन आणि बेटावर दुसऱ्या दिवशी सकाळचे ८. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका घड्याळ एक तास पुढे करते. आपण करत नाही, दादांचं बेटही करत नाही. मग तीच वेळ ठाण्यात अडीच आणि बेटावर सकाळचे ७ होते. आमची तारीख त्या रविवारनंतरची होती. म्हणजे कागदावर जो शेवटचा दिवस, त्या दिवसाच्या अखेरीस बेटावरचं ऑफिस उघडायच्या आतच खिडकी बंद. आम्ही तिन्ही ठिकाणच्या वेळा एका कागदावर लिहून सगळ्यांना पाठवल्या आणि आपली मुदत दोन कामाचे दिवस आधीची धरली.

सादर केलं तेव्हा ठाण्यात सकाळचे दहा वाजले होते, बेटावर दुपारचे अडीच. जोडपत्रं सगळी पीडीएफ, फाइलचं नाव ५० अक्षरांच्या आत, त्यात विशेष चिन्हं नाहीत. प्रतिनिधीने बटण दाबलं आणि मागोवा क्रमांक आला. नवीन माणसाला वाटतं, झालं. पण अजून व्हायचं असतं. आधी पोच येते, मग तपासणीचा ईमेल, ज्यात अर्ज वैध ठरतो किंवा नाकारला जातो, आणि मग खात्याने तो उचलल्याचा. तपासणीला ४८ तासांपर्यंत लागू शकतात, आणि अर्ज नाकारला गेला तर दुरुस्तीला वेळ उरावा म्हणून ते दोन दिवस हातात हवेत. रात्री जेवताना दादांचा मेसेज आला, "व्हॅलिडेटेड." माझ्या पोटातला गोळा तेव्हा गेला. नवऱ्याने विचारलं, "म्हणजे पैसे मिळाले?" मी म्हटलं, "नाही रे, आता तर वाचतील."

पुढचे महिने काही करायचं नसतं. तज्ज्ञांचं मंडळ वाचतं, क्रम लावतं. संघराज्याचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, त्यामुळे उन्हाळाभर मन खालीवर होत राहिलं. या काळात चौकशीचे ईमेल पाठवून उपयोग होत नाही.

माझे पैसे या दरम्यान आले. परदेशातून रक्कम येताना मधल्या बँका आपलं शुल्क कापतात, म्हणून बिलावर "सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे" असं लिहा. आपल्या बँकेला कोणत्या सेवेचे पैसे आहेत ते पर्पज कोडसह सांगावं लागतं आणि परकीय रक्कम मिळाल्याचा दाखला मागून घ्यावा लागतो. प्राप्तिकराच्या वेळी तो दाखला उपयोगी पडतो, मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही.

गणपतीच्या तयारीत असताना कळलं की अर्जाची शिफारस झाली आहे, पण मागितल्यापेक्षा कमी रकमेची. सुधारित अंदाजपत्रक हवं होतं, थोड्या दिवसांत. परीक्षकांचे शेरेही आले. स्थानिक साहाय्यकांची कल्पना त्यांना पटली होती. मूल्यमापन कोण करणार हे पुरेसं स्पष्ट नाही, अशी तक्रार होती आणि ती रास्त होती. काय कापायचं यावर आम्ही फार बोललो. यंत्रसामग्रीतून एक संच गेला, पहिल्या वर्षी तीनऐवजी दोन बेटं घ्यायचं ठरलं. साहाय्यकांच्या मानधनाला हात लावायचा नाही, यावर दादा, लेखा विभागातल्या बाई आणि मी तिघंही अडून राहिलो. कापून उरलेल्या पैशात मूल्यमापनासाठी बाहेरचा माणूस बसवला.

मंजुरीपत्रानंतरही कामं असतात. पैसे एकदम हातात येत नाहीत, अमेरिकी कोषागाराच्या असॅप नावाच्या प्रणालीतून खर्चानुसार उचलावे लागतात आणि तिची नोंदणी पुन्हा वेगळी. वार्षिक अहवाल वेळेवर गेला नाही तर पुढचे पैसे थांबू शकतात. म्हणून मी जाण्याआधी कॉलेजसाठी एक तारखांचं पान करून दिलं: सॅमचं नूतनीकरण, अहवाल, लेखातपासणी. ते लेखा विभागातल्या बाईंच्या टेबलामागे लावलंय, असं दादांनी सांगितलं.

माझं काम तिथे संपलं. धडे तयार करण्याची निविदा निघाली आहे, नियमाप्रमाणे मी त्यात नाही. पहिला धडा मातीच्या सामूवर आहे आणि दोन्ही बेटांवरच्या साहाय्यकांची निवड झाली आहे.